बहरीनचे थॉम्स डॉक्टर



बहरीनमध्ये नोकरीला राहून आलेल्या आपल्या माणसांना मनामाचं अमेरिकन मिशन हॉस्पिटल सांगावं लागत नाही. शहराच्या मध्यवस्तीत आहे, टॅक्सीवाल्याला नुसतं नाव घेतलं तरी पुरतं. कुणाची दाढ तिथे काढली गेली, कुणाचं बाळंतपण तिथे झालं. हे हॉस्पिटल ज्याच्या हाताखाली सुरू झालं त्या डॉक्टरचं नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्याचं नाव शेरॉन थॉम्स. (हे नाव आज आपण मुलींना ठेवतो. हा पुरुष होता. अमेरिकन ख्रिस्ती घरांत तनाखमधली नावं ठेवायची जुनी रीत आहे, आणि शारोनचं मैदान आपल्या इस्राएलमधल्या वाचकांच्या तर दारातच आहे.)

थॉम्स बेने इस्राएल नव्हता, यहुदीही नव्हता. तो मिशनरी होता. तरी आपल्या इतिहासाच्या या पानांवर त्याला जागा द्यावी असं मला वाटतं, कारण त्याच्या आयुष्यात एक प्रश्न आहे जो आपल्या घराघरांत चार पिढ्या विचारला गेला आहे. दूरदेशी काम मिळालं तर बायकामुलांना सोबत न्यायचं, की त्यांना मागे ठेवून पैसे पाठवायचे? एडनला बदली झालेल्या आपल्या शिपायांपासून आखातात गेलेल्या फोरमन-अकाउंटंटपर्यंत सगळ्यांनी हा हिशोब मांडला आहे. थॉम्सने एक उत्तर दिलं आणि त्याची किंमत मोजली.

त्या काळचं बहरीन डोळ्यांसमोर आणायचं तर तेलाची भानगड आधी डोक्यातून काढून टाकावी लागते. तेल लागलं १९३२ साली. आपण बोलतोय त्या दिवसांत बेट जगत होतं ते मोत्यांवर आणि खजुरीवर. उन्हाळा लागला की शेकडो गलबतं मोत्यांच्या थरांवर जात, पाणबुडे नाकाला चिमटा लावून दिवसभर बुड्या मारत, आणि निघालेला चांगला माल विकायला मुंबईला येई. शेख ईसा बिन अली अल् खलीफा गादीवर होता, तो १८६९ पासूनच. पण व्यवहार सगळा हिंदुस्थानी. चलन रुपया. टपाल हिंदुस्थानी खात्याचं, तिकिटं हिंदुस्थानी. बुशहरला इंग्रजांचा रेसिडेंट बसे, तो १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, पुढे थेट हिंदुस्थान सरकारच्या. बहरीनला १९०० साली त्याचा एक इंग्रज सहाय्यक आला आणि १९०४ पासून पोलिटिकल एजंट. रुपया तर तिथे पार १९६५ पर्यंत चालला. आपल्यातल्या जुन्या मंडळींना 'गल्फ रुपी' आठवत असेल.

मुंबईहून ब्रिटिश इंडिया कंपनीची आगबोट कराची, मस्कत, बुशहर करत बहरीनला लागायची. 'लागायची' म्हणजे लांब खोल पाण्यात उभी राहायची. मनामाचा किनारा उथळ. प्रवासी पडावात उतरत, आणि पडावही रुतायला लागला की पाण्यात उभ्या केलेल्या गाढवावर बसून कोरड्या जमिनीवर येत. सामान, औषधांच्या पेट्या, लहान मुलं, सगळं असंच.

शेरॉन आणि त्याची बायको मॅरियन वेल्स थॉम्स १८९८ साली अरबस्तानात आले आणि १९०० च्या सुमारास बहरीनला स्थिरावले. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. मॅरियनही डॉक्टर होती. दोघं अमेरिकेतल्या मिशिगनकडून आलेली. म्हणजे डॉक्टर आणि डॉक्टरची बायको असं हे जोडपं नव्हतं, दोन डॉक्टर होते. ज्या गावात बाई परक्या पुरुषाला नाडीसुद्धा दाखवणार नाही तिथे याचा अर्थ फार मोठा होता. मॅरियन नसती तर मनामातल्या अर्ध्या माणसांना दवाखाना असून नसल्यासारखा झाला असता.

मुंबईची गोष्ट तरी वेगळी कुठे होती? कामा हॉस्पिटल १८८६ साली निघालं ते याच कारणाने, बायकांवर बायकांनीच उपचार करायचे म्हणून. त्या हॉस्पिटलात आपल्या एका मुलीची आजारी थोरली बहीण बरी झाली आणि त्या मुलीने ठरवलं की आपणही डॉक्टर व्हायचं. ती जेरुशा झिराड, जन्म १८९०. १९१९ मध्ये तिने लंडनची एम.डी. मिळवली, पुढे त्याच कामा हॉस्पिटलची ती पहिली हिंदी प्रमुख झाली आणि १९६६ साली पद्मश्री. मॅरियन थॉम्स बहरीनच्या बायकांना तपासत होती तेव्हा आपली जेरुशा पुण्यात शाळेत जाणारी पोर होती. मॅरियनच्या हाताखालून गेलेल्या किती मुलींनी असं काही मनात ठरवलं असेल! ठरवून पुढे जायला त्यांना शाळाच नव्हती.

हॉस्पिटल उघडलं जानेवारी १९०३ मध्ये. ज्या अमेरिकन घराण्याने पैसा दिला त्याच्या नावावरून 'मेसन मेमोरियल' असं नाव ठेवलं. अमेरिकन मिशन हॉस्पिटल हे त्याचंच आजचं रूप. त्याआधी भाड्याच्या जागेत दवाखाना चालायचा. येणारे रोगी म्हणजे डोळे आलेले, खुपऱ्यांनी पापण्या आत वळलेले, हिवतापाने पिवळे पडलेले. पाणबुड्यांच्या कानांचे पडदे फाटलेले असत. वर्षानुवर्षं खोल पाण्यात गेलेल्या माणसाला जमिनीवर ऐकू यायचं बंद होई, आणि सावकाराचं कर्ज फिटेपर्यंत त्याला बुडी मारणं सोडता येत नसे. असल्या रोग्याला डॉक्टर काय औषध देणार?

ही मिशनरी मंडळी खरी आली होती धर्म द्यायला. १८८९ मध्ये न्यू जर्सीतल्या एका धर्मविद्यालयात 'अरेबियन मिशन' स्थापन झालं, सॅम्युएल झ्वेमर १८९२ च्या अखेरीस बहरीनला येऊन राहिला, आणि लवकरच लक्षात आलं की उपदेशाला कुणी दार उघडत नाही, औषधाला उघडतात. म्हणून डॉक्टर बोलावले. लोकांनी काय केलं? कुनैन घेतलं, मलमपट्टी करून घेतली, मोतीबिंदू काढून घेतले आणि नमाजाची वेळ झाली की उठून गेले. पुढच्या साठसत्तर वर्षांत ख्रिस्ती झालेली माणसं हातांच्या बोटांवर मोजावीत इतकीच.

हे वाचताना मला हसू येतं, कारण हा खेळ आपल्या पूर्वजांनी त्याआधी खेळून दाखवला होता. अमेरिकन मराठी मिशन मुंबईला आलं १८१३ साली. त्यांच्या शाळांत आपली मुलं बसली, आपले लोक तिथे मास्तर झाले. पुढे स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आले, त्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या, शेमा तेवढा तोंडपाठ असलेल्या शनवार तेल्यांना मुळाक्षरं मिळाली ती बरीचशी या लोकांकडून. आणि ती अक्षरं लागताच आपल्या लोकांनी काय वाचायला घेतलं, तर आपलीच प्रार्थनापुस्तकं! जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी आयुष्यभर हिब्रूतून मराठीत प्रार्थना उतरवल्या. मिशनची पाटी घेतली, शनिवार सोडला नाही. म्हणून बहरीनचा रोगी औषध घेऊन शांतपणे घरी जातो हे चित्र आपल्याला ओळखीचं वाटतं. मिशनला हे यश वाटलं नसेल. रोग्याला आणि विद्यार्थ्याला जे हवं होतं ते मिळालं, एवढं खरं.

आता घराकडे वळू. थॉम्सचं घर आणि दवाखाना या दोन गोष्टी निराळ्या काढता येत नाहीत. बायको सकाळी बायकांच्या ओपीडीला, दुपारी मुलांपाशी. मुलगा वेल्स १९०३ साली बहरीनमध्येच जन्मला, आईच्या माहेरचं आडनाव त्याला नाव म्हणून दिलेलं. सगळ्यांचं पाणी एकच, पखालीतून येणारं झऱ्यांचं. बेटाला गोड्या पाण्याचे झरे भरपूर, काही तर समुद्राच्या तळाशी उकळी फुटल्यासारखे वर येणारे. पण झऱ्यापासून घरच्या माठापर्यंत ते कितीजणांच्या हातून यायचं याचा हिशोब कोण ठेवणार? ज्या साथी दवाखान्यात येत त्या संध्याकाळी घरातही येऊ शकत होत्या.

आणि साथी येत होत्या. मुंबईत १८९६ ला सुरू झालेला प्लेग आगबोटींबरोबर आखातातही पोहोचला, बहरीनला त्या दशकात तो येऊन गेला, पटकीही आली. याच मुंबईत वाल्देमार हाफकिन या यहुदी शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मल्कोवालला लस दिल्यानंतर एकोणीस माणसं धनुर्वाताने दगावली, खापर हाफकिनवर फुटलं आणि निर्दोष ठरायला त्याला १९०७ उजाडलं. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटबद्दल कधीतरी सविस्तर लिहिणारच आहे. इथे सांगायचं ते एवढंच, की लस निघाली होती ती एकदोन रोगांवर, आणि रोग डझनभर होते.

१९०४ च्या जुलैत, बहरीनच्या सगळ्यात वाईट महिन्यात, झ्वेमर दांपत्याच्या दोन मुली आमांशाने गेल्या. एक सात वर्षांची, एक चार वर्षांची, दोघींमध्ये आठवडाभराचं अंतर. थॉम्स पतिपत्नी त्याच गावात, त्याच मिशनचे डॉक्टर. आज साखरमिठाचं पाणी आणि शिरेतली सलाइन यांनी वाचलं असतं असं लेकरू तेव्हा दोन डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत सुकून जाई. त्या दिवसांत मॅरियनने आपल्या पोरांकडे कोणत्या नजरेने पाहिलं असेल हे ज्यांनी मूल वाढवलं आहे त्यांना मी सांगायला नको.

नऊ महिन्यांनी, एप्रिल १९०५ मध्ये, मॅरियनला विषमज्वर झाला आणि ती गेली. टायफॉइडवर औषध नव्हतं. क्लोरोमायसेटिन यायला अजून चाळीस वर्षं होती. तोवर डॉक्टर करू शकत होता ते म्हणजे ओल्या कापडाने अंग पुसणं, पातळ पेज पाजणं आणि तिसऱ्या आठवड्याची वाट बघणं. स्वतःच्या बायकोच्या उशाशी बसून शेरॉनने हेच केलं असणार. बहरीनपर्यंत तार तेव्हा आली नव्हती. जवळचं तारघर समुद्रापलीकडे बुशहरला. मनामाच्या जुन्या ख्रिस्ती कब्रस्तानात, झ्वेमरांच्या मुली जिथे आहेत तिथेच, मॅरियनला पुरलं. वेल्स जेमतेम दोन वर्षांचा होता.

इथे कुणीही म्हणेल, की आता पुरे. पोरं घ्यावीत आणि पहिल्या बोटीने मायदेशी जावं. आपल्या आज्या तर असं म्हणायला एक क्षण थांबल्या नसत्या. शेरॉन गेला नाही. काही काळाने मिशनमधल्याच मे डिप्री हिच्याशी त्याने लग्न केलं. मुलांना आई हवी होती आणि त्याला काम सोडायचं नव्हतं, असं मी त्याचा अर्थ लावतो. तुम्ही वेगळा लावू शकता. कुटुंबावर जीव असलेला माणूस म्हणून त्याच्याकडे बघताना माझंही मन इथे अडखळतं. घर एकत्र ठेवण्यासाठी त्याने सगळ्यांना सोबत आणलं, आणि सोबत आणल्यामुळेच घर फुटलं. मागे ठेवलं असतं तर मॅरियन जगली असती कदाचित. पण मॅरियन मागे राहणारी बाई होती का? ती स्वतःच्या डिग्रीवर आली होती. तिचा निर्णय नवऱ्याच्या खात्यात टाकणं हाही तिच्यावर अन्यायच.

१९०९ साली मिशनने त्याला मस्कतकडे पाठवलं. मस्कतशेजारच्या मत्राहला त्याने दवाखाना थाटला. बहरीन सपाट आणि वाळूचं, तर हे काळ्या नागड्या डोंगरांच्या कढईत बसलेलं बंदर, रात्रीसुद्धा दगड तापलेले. मस्कत आणि मत्राह यांच्यात अंतर थोडं, पण मध्ये डोंगर, त्यामुळे लोक बहुधा होडीनेच जात-येत. दोन्हीकडे मिशनची माणसं, रोगी दोन्हीकडे. टेलिफोनची तार ओढली तर तातडीच्या वेळी निरोप जाईल, असं ठरलं. मिशनच्या डॉक्टरला गवंडीकाम, सुतारकाम, हिशोब सगळंच करावं लागे. जानेवारी १९१३ मध्ये तार बांधायला शेरॉन स्वतः खांबावर चढला, पडला, आणि त्यातच मेला.

मेवर सवतीची मुलं आणि घर येऊन पडलं. मुलं अमेरिकेत वाढली.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहायला घेतली नसती. आई बहरीनच्या मातीत, बाप खांबावरून पडून मेलेला. असा मुलगा अरबस्तानचं नावही काढणार नाही असं आपण धरून चालतो. वेल्स थॉम्स डॉक्टर झाला आणि १९३१ साली बायकोला घेऊन आखातात परत आला. त्याची बायको बेथ ही स्कडर घराण्यातली. हे घराणं आपल्या हिंदुस्थानला चांगलं माहीत आहे. पहिला डॉक्टर जॉन स्कडर १८१९ साली सिलोनला आला, आणि त्याच्या मुलानातवंडांनी मद्रास इलाख्यात दवाखाने काढले. वेल्लोरचं मेडिकल कॉलेज काढणारी आयडा स्कडर त्यांच्यातलीच. तेव्हा बेथला हे आयुष्य काय असतं ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आखातात काही वर्षं काढून १९३९ मध्ये वेल्स गेला तो मत्राहला, बाप जिथे मेला त्याच गावी. आणि राहिला किती? १९७० पर्यंत. बापाला तिथे चार वर्षं मिळाली होती, मुलाला एकतीस. सुलतान सईद बिन तैमूरचं राज्य म्हणजे रात्री मस्कतचे दरवाजे बंद, मग कंदील हातात घेतल्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. १९७० साली अख्ख्या ओमानमध्ये तीन शाळा होत्या. डॉक्टर शोधायचा तर आतल्या डोंगराळ मुलखातून माणसं उंटांवर, गाढवांवर दिवसचे दिवस चालत मत्राह गाठत. डोळ्यांची ऑपरेशनं, हिवताप, क्षय, अडलेली बाळंतपणं. संसर्गजन्य रोगांसाठी वेगळी इमारत झाली तिला शेरॉन थॉम्सचं नाव दिलं.

वेल्सला कुणी विचारलं असेल का, की बापाने तुम्हा मुलांवर अन्याय केला असं तुला वाटतं का म्हणून? त्याचं परत येणं हेच मी उत्तर धरतो. वैतागलेली मुलं बापाच्या गावी एकतीस वर्षं काढत नाहीत. पण हेही खरं, की उत्तर द्यायला तो उरला होता. मॅरियनला आणि झ्वेमरांच्या त्या दोन पोरींना कुणी विचारलं नाही. आपल्यातही आखातात गेलेल्यांच्या यशाच्या गोष्टी आपण जेवणानंतर सांगतो, आणि ठाण्याला एकटीने मुलं वाढवलेल्या बाईची गोष्ट भांडी घासताना होते.

बहरीनमध्ये त्या काळी थोडे यहुदी होते हेही इथे नोंदवून ठेवतो. इराकमधून, मुख्यतः १८८० नंतर आलेली व्यापारी घरं. १९३५ ला त्यांनी मनामात सिनेगॉग बांधलं, १९४७ च्या डिसेंबरातल्या दंगलीत ते उद्ध्वस्त झालं, बहुतेक घरं पांगली. उरलेल्यांपैकी एका घरातली हुदा नूनू २००८ मध्ये बहरीनची अमेरिकेतली राजदूत झाली, आणि अलीकडे ते सिनेगॉग पुन्हा उभं राहिलं. बहरीनला असलेल्या आपल्या मंडळींनी ते बघितलंच असेल. तिथून मिशन हॉस्पिटल फार लांब नाही.

जुलै १९७० मध्ये ओमानला सुलतान काबूस गादीवर आले आणि दोनचार वर्षांत सरकारी हॉस्पिटलं निघाली. मत्राहचं मिशन हॉस्पिटल सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेलं. त्याचं नाव 'अर्रहमा', म्हणजे दया. हिब्रूतल्या 'रहमीम'चा हा सख्खा भाऊ, ज्यांनी सणाच्या प्रार्थना म्हटल्या आहेत त्यांना कळेल. वेल्स आणि बेथ त्याच वर्षी सामान बांधून निघाले.